सरडा रांगेच्या शेवटी

“तुम्ही दोघं तिकडे, भिंतीला,” खेळांच्या कंपनीतल्या बाई म्हणाल्या. “आणि खेळ संपेपर्यंत तोंडातून एक शब्द नको. मान हलवणं नको, खाकरणं नको. मागच्या वेळी खाकरून उत्तरं दिली गेली होती.”

डेपोतून गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या लेकीने मान खाली घातली. मागच्या वेळी खाकरली होती ती तीच.

बापलेक बाकावर जाऊन बसले. बसडेपोतली ही ड्रायव्हर-कंडक्टरांची विश्रांतीची खोली. लांब टेबल, सहा खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगणारी, आणि खिडकीतून येणारा डिझेलचा वास. टेबलावर सात घरं लांब आणि सात घरं रुंद असा एक पट मांडला होता. त्याच्या एका बाजूला चौदा नंबरच्या बसचा ड्रायव्हर बसला होता. त्याला सगळा डेपो ‘हॉर्न’ म्हणायचा. त्याची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. दुसऱ्या बाजूला त्याच गाडीची कंडक्टर. वीस वर्षं दिवसभर “पुढे सरका, पुढे सरका” ओरडून तिचं नावच सरकाताई पडलं होतं. दोघांना दोन दहाची फेरी होती. आता एक वाजायला पाच कमी होते.

“म्हणजे आम्ही काय करायचं?” हॉर्नने विचारलं.

“ही पुस्तिका वाचायची आणि खेळायचं,” बाई म्हणाल्या. “कोणाला काही विचारायचं नाही. एक जरी प्रश्न या दोघांना विचारलात, तर चाचणी संपली.”

“आणि विचारलंच नाही तर?”

“तर मी खेळ छापायचा विचार करीन.”

हॉर्नने बाकाकडे पाहिलं. कंट्रोलरने छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

खेळ लेकीचा होता. ती स्टिकर छापणाऱ्या एका दुकानात चित्रं काढायची, आणि गेली दोन वर्षं घरी आली की पुठ्ठा कापायची. प्रत्येक खेळाडूकडे सहा प्राणी: ज्वालासरडा, कातळकासव, चिखलबेडूक, वीजमासा, काटेसाळू आणि धुकेघुबड. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाची खोडी वेगळी. आग काट्यांना जाळते, चिखल आगीला विझवतो, दगडाला आगीचं काही वाटत नाही. प्राण्याची ताकद त्याच्या नावाच्या चकतीवर ठेवलेल्या मण्यांत मोजायची. मणी संपले की प्राणी पटाबाहेर. समोरच्याच्या बिळात आपला एक प्राणी शिरला की जिंकलात.

खेळ छान होता. समजावणं वाईट होतं. लेकीने लिहिलेली नियमपुस्तिका बावीस पानांची होती आणि तिच्यात ‘अपवाद’ हा शब्द चौतीस वेळा आला होता. महिन्यापूर्वीच्या पहिल्या चाचणीत दोन कारकून चौथ्या पानावर भांडले आणि अकराव्या पानावर उठून गेले. बाईंनी सांगितलं, यंदाच्या यादीत एकच जागा उरली आहे, आणखी एकदा बघते, मग नाही.

त्या दिवशी लेक जेवली नाही. कंट्रोलरने तिची पुस्तिका उचलली, चष्मा लावला आणि पहिलं पान दोनदा वाचलं.

“हे कोणी लिहिलंय?”

“मी. का?”

“पहिल्या पानावर तू लोकांचं स्वागत केलंयस. गाडी कधी सुटते ते सांग ना.”

“तुम्ही लिहा मग!” ती चिडून म्हणाली.

त्याने लिहिलं. एकतीस वर्षं तो डेपोच्या फळ्यावर सूचना लिहीत होता. ‘पाच नंबरची गाडी उद्यापासून पुलाखालून जाईल. पूल बंद आहे.’ यापेक्षा एक शब्द जास्त लिहिला तर ड्रायव्हर तो वाचत नाहीत आणि एक कमी लिहिला तर खिडकीशी येऊन डोकं खातात, हे त्याला पाठ होतं. एका रविवारी लेकीने त्याला खेळ समजावला, तो टिपणं घेत गेला, आणि आठवड्याभरात चार पानं तयार झाली. लेक तेव्हा डब्याच्या झाकणावरचं चित्र रंगवत होती. चारही पानं तिने सुबक अक्षरात उतरवून, शेजारी प्राण्यांची चित्रं काढून, शिवून टाकली. “वाचलीस ना नीट?” त्याने विचारलं होतं. “हो हो,” ती म्हणाली होती. सुबक अक्षरात उतरवणारा माणूस अक्षरं बघतो, वाचत नाही, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

टेबलावर सरकाताई मोठ्याने वाचू लागली. प्रवाशांची सवय असल्याने तिचा आवाज बाहेरच्या फलाटापर्यंत जात होता.

“एक. आपल्या सहा प्राण्यांच्या चकत्या समोर रांगेत लावा. कोण पुढे, कोण मागे, ते तुम्ही ठरवा. दोन. रांगेत पुढे असेल तोच प्राणी चालेल. चालून झालं की त्याची चकती रांगेच्या शेवटी.”

“आपल्या गाड्यांसारखं,” हॉर्न म्हणाला.

“तेच की. तीन. पुढचा प्राणी चालवायचा नसेल तर त्याला विश्रांती द्या. त्याचा एक मणी परत मिळेल, चकती शेवटी जाईल. तुमची पाळी मात्र संपली.”

“हे बरंय. आपण विश्रांती घेतली की मेमो मिळतो.”

कंट्रोलर मनात खूश झाला. कुठे अडले नाहीत. तेवढ्यात त्याच्या दंडाला जोरात चिमटा बसला.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने वहीचा कोपरा फाडला आणि लिहिलं: ‘रांग कुठून आली???’

त्याने पेन घेतलं. ‘तू सांगितलीस.’

‘नाही! कुठलाही प्राणी केव्हाही चालतो!!’

त्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावून पुन्हा वाचलं. तो रविवार त्याने आठवून पाहिला. ‘एका पाळीत एक प्राणी,’ एवढंच ती म्हणाली होती. बाकीचं त्याच्या हाताने लिहिलं होतं. त्याच्या खिडकीत लोखंडी पट्टीवर बसनंबरांचे बिल्ले टांगलेले असत. गाडी सुटली की तिचा बिल्ला काढून शेवटच्या खिळ्यावर. एकतीस वर्षं, दिवसातून दोनशे वेळा. पाळी म्हटली की पुढे रांग आलीच. नियम लिहिताना त्याला हे आपण काही नवीन लिहितोय असं वाटलंसुद्धा नव्हतं.

“लिहिणंही नको,” बाई वर न बघता म्हणाल्या.

कंट्रोलरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरीची दोन वर्षं, एकच उरलेली जागा, आणि आपण त्यात डेपो घुसवला. चाचणी थांबवावी तर ती गेली. चालू ठेवावी तर भलताच खेळ खेळला जातोय. त्याने डोळ्यांनीच लेकीला विचारलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

हॉर्नने स्वभावाप्रमाणे सरडा पहिल्या नंबरवर लावला होता. त्याने तो तीन घरं पुढे पळवला आणि सरकाताईच्या साळूवर आग ओकली. साळूचे दोन मणी गेले.

“अजून एकदा!” तो ओरडला आणि सरड्याकडे हात नेला.

“हात मागे. चकती शेवटी ठेव,” सरकाताई म्हणाली. “आता तुझा बेडूक.”

“बेडूक काय कामाचा?”

“ते तुझं तू बघ. रांग तू लावलीस.”

हॉर्न वैतागला. त्याने पुस्तिका उचलली, उलटसुलट केली, आणि मान वळवून म्हणाला, “साहेब, हे...”

बाईंचं पेन उचललं गेलं. कंट्रोलरने डोळे मिटून घेतले.

“अरे, वाच की!” सरकाताईने त्याच्या मनगटावर चापट मारली. “दुसरी ओळ. एवढं मोठं लिहिलंय. तुला फलाट दिसत नाही, हेही दिसत नाही.”

“मी कुठे काय विचारलं? साहेब, हे... हे छत रंगवायला झालंय, एवढंच म्हणत होतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. पण ओठांचा एक कोपरा हलला होता, हे कंट्रोलरने पाहिलं.

पुढची पाच मिनिटं दोघंही चुकत-माकत खेळले. मग हॉर्न गप्प झाला. डेपोत ही घटना दुर्मिळ होती. तो पटाकडे कमी आणि सरकाताईच्या रांगेकडे जास्त बघू लागला. तिच्या वीजमाशाची पाळी यायला अजून दोन चाली आहेत, तोवर साळू पुढे काढता येतो, असं बोटांवर मोजू लागला. सरकाताई त्याची रांग मोजत होती. आपल्या रांगेत कासव पुढे आलं की ती दरवेळी त्याला विश्रांती द्यायची. त्याचे मणी सगळे शाबूत होते, मिळण्यासारखं काही नव्हतं, तरी.

“कासवाला पेन्शन चालू केलीस का?” हॉर्न म्हणाला.

“म्हातारा माणूस आहे. असू दे दाराशी.”

आता चूक कबूल करावीच, असं कंट्रोलरने ठरवलं. झाकलेली चूक पुढच्या फेरीला दुप्पट होऊन येते, हा त्याचा अनुभव होता. तो गुडघ्यांवर हात टेकून अर्धा उठला. लेकीने त्याच्या शर्टाची बाही पकडली आणि त्याला खाली ओढलं. बाक करकरला. ती पटावरून नजर काढत नव्हती. तिची बोटं त्याच्या बाहीवर तशीच घट्ट होती, आणि ओठ न हलवता ती काहीतरी मोजत होती. चिखलबेडूक. वीजमासा. घुबड. साळू. तिने काढलेली, रंगवलेली, नावं दिलेली सगळी जनावरं पटावर हिंडत होती.

पावणेदोनला हॉर्नचा सरडा सरकाताईच्या बिळापासून एक घर सोडून जाऊन उभा राहिला. बिळाला तोंड एकच. हॉर्नने सरड्याची चकती रांगेच्या शेवटी ठेवली आणि खुर्चीत मागे रेलला. खुर्ची नेमकी डुगडुगणारी निघाली, तो सावरला.

“आणखी पाच चाली. मग सरडा आत आणि तू घरी.”

“पाच चाली म्हणजे पाच गाड्या,” सरकाताई म्हणाली. “तोवर माझी दुसरी गाडी सुटते.” तिने एक चाल चिखलबेडकाला दिली, तो सरड्याच्या दिशेने सरकला. मग कासव. तिने ते एकच घर सरकवलं, बिळाच्या तोंडात. “पुढे सरका,” ती कासवाला म्हणाली.

हॉर्न पटावर वाकला. त्याने आपले उरलेले चार प्राणी एकेक करून कासवावर घातले. तीन मणी गेले, कासव हललं नाही. मधल्या एका चालीत तिचं घुबड पटाच्या मध्यापर्यंत उडालं. सरड्याची पाळी आली तेव्हा त्याने आग ओकली, आणि दगडाला आगीचं काही वाटत नाही हे वाक्य स्वतःच वाचून दाखवलं. पुढच्याच चालीला सरकाताईच्या चिखलबेडकाने सरड्याला मागून विझवलं. एव्हाना हॉर्नचं सगळं सैन्य तिच्या दारात जमलं होतं, आणि त्याच्या बिळाजवळ कोणीच नव्हतं. पुन्हा घुबडाची पाळी आली. ते उडालं आणि त्याच्या बिळात जाऊन बसलं.

दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

“छे!” हॉर्न म्हणाला. “चार वाजता परत. मी रांग वेगळी लावतो. सरडा चौथा.”

“आधी गाडी काढ.”

बाई अजून लिहीत होत्या. लेक उठून टेबलापाशी आली. कंट्रोलर तिच्यामागे उभा राहिला.

“एक सांगायचंय,” ती म्हणाली. “ही रांग माझी नाही. माझ्या खेळात कुठलाही प्राणी केव्हाही चालतो. पुस्तिकेत रांग आली ती चुकून.”

“कोणाच्या चुकीने?”

“माझ्या,” कंट्रोलर म्हणाला. “तिने बरोबर सांगितलं होतं. मी डेपोचं लिहून बसलो.”

“आणि मी न वाचता उतरवलं,” लेक म्हणाली.

बाईंनी वहीची मागची पानं उलटली. “पहिल्या चाचणीला मी काय लिहिलं होतं, वाचू? ‘दोघेही फक्त सरडा खेळतात. बाकीचे पाच प्राणी प्रेक्षक.’ हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण उपाय मला सुचत नव्हता.” त्यांनी वही मिटली. “आज सहाही खेळले. कासव खेळलं! छापते मी. रांगेसकट. पुस्तिका अशीच राहू दे, एक शब्द हलवू नका.”

हॉर्नने टेबलावर थाप मारली. मणी उडाले. सरकाताईने त्याला कॉलर धरून दाराकडे ढकललं. कंट्रोलरला त्यांच्या मागे धावावं लागलं, कारण दोन दहाची गाडी त्याने सोडायची होती. त्याने शिट्टी वाजवली, बिल्ला शेवटच्या खिळ्यावर टांगला, दोन बारा, दोन पंधरा आणि दोन वीसच्या गाड्या सोडल्या, आणि जोडीच्या कंट्रोलरला खिडकीत बसवून तो परत आला.

बाई गेल्या होत्या. लेक एकटीच टेबलाशी बसून मणी गोळा करत होती.

“बिघडवला का गं तुझा खेळ?” त्याने दारातूनच विचारलं.

“बिघडवलात,” ती म्हणाली. मग हसली, पण जरा वेळाने. “दोन वर्षं मी रोज स्वतःशी खेळलेय, बाबा. घरातला प्रत्येक डाव मला पाठ होता. आज त्या दोघांचं बघताना मला पुढची एक चाल ओळखता आली नाही.”

“मग?”

“मग काय? बसा समोर. हा खेळ मला येत नाही.”

तो बसला. चकत्या त्याने आपल्या सवयीने टाचणीसारख्या सरळ लावल्या. तिनेही लावल्या, आणि पहिल्याच पाळीला तिचा हात आपसूक सरड्याकडे गेला. तिच्या रांगेत सरडा पाचवा होता.

सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. मग मिटलं, आणि टेबलावरची चार पानांची पुस्तिका बोटाने तिच्याकडे सरकवली.

तिने हात मागे घेतला. पुस्तिका उघडली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि एकेक शब्द वाचू लागली. समोर तो दोन्ही हात मांडीवर ठेवून, छताकडे न बघता, गप्प बसून राहिला.