सांध्यावरचं कडं

"काठी एक नंबर झाली बाबा," तृप्ती इतक्या घाईनं म्हणाली की चिंधूजींना तिथंच शंका आली.

साकोलीच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांचं खरादीचं, लाकूड कातायचं दुकान. खाटेचे पाय, पाळणे आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैल हाकायच्या काठ्या, म्हणजे तुताऱ्या. तुतारीच्या मुठीजवळ पितळी कडं, त्यावर 'चिं' कोरलेलं. ती हातात आली की भलाभला माणूस पटावर ऐटीत चाले. लेकीसाठी बिलियर्डसारखा पूल खेळायची काठी केली तेव्हा त्यांनी तोच थाट केला. एसटीत नेता यावी म्हणून काठी दोन तुकड्यांची, आत पेच, आणि सांध्यावर 'चिं' कोरलेलं दोन बोटं रुंद कडं.

दोन दिवसांनी नागपूरला पूलच्या खेळाडूंची निवड होती. संध्याकाळी ते डबा घेऊन क्लबात गेले, तर तृप्ती क्लबातल्याच एका वाकड्या काठीनं सराव करत होती. त्यांची काठी खोळीत होती.

"काहून वं?"

तृप्तीचा चेहरा पडला. "तुमाले वाईट वाटन म्हून नाई सांगतलं."

"वाईट तं आता वाटून राहिलं. सांग."

तिनं खोळीतली काठी जोडून त्यांच्या हातात दिली. "मारून पाहा." चिंधूजींनी चेंडू ठोकला. "कळलं का हाताले काही?"

"काईच नाई."

"तेच तं. चेंडूले किती लागलं थे कड्यातच अडते. अन् वजन पुढं. हळू माराले गेली का चेंडू दूर पळते."

चिंधूजींचा उजवा हात थरथरायला लागल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवत नसे. गिऱ्हाइकं गोड बोलत आणि नवं काम दुसरीकडे देत. हे त्यांच्या मनाला फार लागे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कड्यासकट सांधा कापला.

"नाव तरी राहू द्या ना बाबा."

"नाव राह्यलं तं खेळ जाईन तुहा."

मग लाकडाची दोन्ही तोंडं घासून घासून अशी सपाट केली की मध्ये कागद शिरू नये. नवा पेच नुसता धरून ठेवायला. टेकायचं ते लाकडानं लाकडावर. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्यानं दाबून धरला. सारी दुपार त्यातच गेली.

क्लबात तृप्तीनं काठी जोडली आणि हलकेच मारलं. चेंडू सावकाश गेला, खळग्यात पडला. चिंधूजी तिच्या तोंडाकडे पाहू लागले. विचारायची छातीच होत नव्हती.

"हाताले कळते आता," ती म्हणाली. आणखी दोनदा मारलं, मग कपाळाला आठी घातली. "पण आता सारीच हलकी झाली. अन् मूठ जाड ठेवली तुमी. असं नाई चालत बाबा."

चार वर्षांनी कुणी आपणहून त्यांच्या कामाला नावं ठेवत होतं; चिंधूजींचे डोळे भरून आले. "आन इकडं," ते डाफरले, "शंभर खोडी काढते!" आणि वजन वाढवायला शिशाचा तुकडा शोधायला दुकानाकडे जवळजवळ धावतच निघाले.