माझ्या पोटातला बुडबुडा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. तुमच्या सापशिडीच्या डब्यात असतो तसा सहा बाजूंचा नव्हे. मला वीस बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर एक आकडा कोरलेला आहे. एके काळी मी कच्च्या कैरीसारखा हिरवागार होतो. आता देव्हाऱ्यातल्या धुराने आणि कुंकवाने माझा रंग कोणता, हे सांगणे अवघड झाले आहे. फाशाचे देव्हाऱ्यात काय काम, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटे, पण फाशाला पाय नसतात. कोणी ठेवील तिथे राहायचे आणि कोणी टाकील तसे पडायचे, एवढेच आमच्या हातात असते.

कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात हिरवा रस साच्यात ओतून मला घडवले. रस घट्ट होताना हवेचा एक छोटासा बुडबुडा माझ्या पोटात अडकून राहिला, नेमका वीस या आकड्याच्या मागे. बाहेरून तो कोणाला दिसत नव्हता. कारखान्यातल्या माणसाने मला उजेडात धरून पाहिले, चांगला चकाकतो म्हणून पसंत केले आणि सहा भावंडांसोबत एका पिशवीत भरले. माझ्या पुढच्या सगळ्या कहाणीचे मूळ त्या बुडबुड्यात आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

मला विकत घेतले सुदामने. सुदाम औंढा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचा तरुण. वारंगा फाट्यावर तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. नांदेडला वसतिगृहात राहून शिकत असताना त्याला एका खेळाचा नाद लागला. या खेळात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी वैद्य. गोष्ट सांगणारा प्रत्येकाला विचारतो, “तू काय करतोस?” खेळणारा सांगतो, “मी नदीत उडी मारतो.” मग फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर तो पैलतीरी पोचला, लहान आला तर गटांगळ्या! बस, एवढाच खेळ. पण एकदा रंगला की माणसे जेवणाची वेळ विसरतात.

सुदामचा नाद भलताच वाढला. फासे, बोटभर उंचीचे पुतळे, जंगलांचे आणि तळघरांचे नकाशे, शिवाय त्या खेळाची इंग्रजी मासिके, असे काय काय तो मागवायचा. कुरिअरवाला तांड्यापर्यंत येत नसे, म्हणून सगळे फाट्यावरच्या दुकानात उतरायचे. मासिक हाती पडले की समोर उघडून ठेवलेला मोबाइल तसाच राहायचा आणि गिऱ्हाईक खोळंबायचे. एकदा त्याने लांब शेपटीच्या एका राक्षसाचा पुतळा घरी आणला. त्याच्या आईने, मोतीबाईने, हा कोणी तरी देवच असणार म्हणून राक्षसाला हळदकुंकू वाहिले. सगळे पोट धरून हसले. मीही मनातल्या मनात हसलो. पुढे माझ्याच कपाळी ते कुंकू लागणार आहे, हे मला कुठे ठाऊक होते!

खेळणारे तिघेच. सुदाम गोष्ट सांगणारा, त्याचा चुलतभाऊ प्रेमदास टेम्पो चालवणारा आणि सुदामची धाकटी बहीण मिना. मासिकातल्या गोष्टीत बर्फाचे डोंगर आणि किल्ले असत. सुदाम ते सगळे बदलून टाकायचा. त्याच्या गोष्टीत बैलांच्या पाठीवर मीठ लादून निघालेला तांडा असायचा, त्याचे आजे-पणजे निघत तसाच. मिना त्या तांड्यावरची वैद्य झाली होती. तिने आम्हा फाशांसाठी आरसे आणि कवड्या लावलेली एक पिशवी शिवली. पितळेच्या जुन्या ताटात कापड अंथरून फासे टाकायची जागाही तिनेच केली. त्या ताटात पडताना मला कधी लागले नाही.

मित्रांनो, मिना घरात फार कमी बोलायची. पाणी आण म्हटले की आणायची, भाकरी कर म्हटले की करायची. पण खेळात सुदामने विचारले, “मिना, तू काय करतेस?” की ती ताठ बसायची. जरा वेळ विचार करायची. प्रेमदास घाई करायचा, “बोल की लवकर, नदी चढून राहिली!” तरी ती आपला वेळ घ्यायची आणि मग ठामपणे सांगायची, “मी बैल सोडते. मीठ जाऊ दे, माणसं वाचवते.” त्यानंतरच ती मला उचलायची. तिच्या तळव्याची ऊब मला अजून आठवते. मला ती मुलगी फार आवडायची, हे उघडच सांगतो.

आता माझ्या कौतुकाचे दिवस. पोटातल्या बुडबुड्यामुळे माझी वीसची बाजू हलकी होती आणि तिच्या समोरची जड. म्हणून मी वारंवार वीसवर पडायचो. कधी चार यायचे, कधी अकरा, पण ते कोणाच्या लक्षात राहत नसे. वीस आले की प्रेमदास शिट्टी मारायचा. “हा फासा न्हाई, हिरा हाय!” असे तो म्हणाला की मी फुगून जायचो. माझ्या अंगी काही गुण आहे, असे मलाही वाटू लागले होते.

एकदा सुदामने मासिकात फासे पारखण्याची रीत वाचली. पेल्यात पाणी घ्यायचे, फासा तरंगेपर्यंत त्यात मीठ विरघळवायचे आणि फाशाला बोटाने गोल फिरवून सोडायचे. खरा फासा कसाही थांबतो. खोट असलेला फासा एकच बाजू वर करतो. सुदामने मला पाण्यात सोडले. मी वीस वर करून थांबलो. त्याने पुन्हा पुन्हा फिरवले आणि मी पुन्हा पुन्हा वीस दाखवले. सुदामचा चेहरा पडला. “याच्यात खोट हाय. याच्यावर खेळणं म्हणजे फसवणूक,” असे म्हणून त्याने मला बाजूला काढले आणि नवा, निळा फासा मागवला. कौतुकाचे फुगलेपण पेलाभर पाण्यात विरघळून गेले. मी खूप हिरमुसलो.

सुदाम मला फेकणारच होता, पण मोतीबाईने मला उचलले. “चांगलं पडणाऱ्याला खोट म्हनता व्हय?” असे म्हणत तिने मला देव्हाऱ्यात सेवालाल महाराजांच्या फोटोपुढे ठेवले. हरवलेली शेळी सापडेल का, असे तिने मला विचारले. दहाच्या वर आले तर हो, असे तिनेच ठरवले. मी वीसवर पडलो आणि शेळी संध्याकाळी आपल्या पायाने घरी आली. मग सुदामच्या वडिलांनी, वसरामने, बोअर कुठे घ्यावे ते विचारले. त्यांनी आधीच मनात धरलेल्या जागेला मी हो म्हटले आणि तिथे पाणी लागले. झाले! शेजारपाजारचेही लोक येऊन मला हात जोडू लागले. मित्रांनो, मला शेळीतले काही कळत नाही आणि जमिनीखालच्या पाण्यातलेही नाही. माझ्या पोटात हवा आहे, एवढेच मला कळते. पण ते सांगायला मला तोंड नाही.

मिना बारावी झाली. नांदेडला परिचारिकेच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला. खेळातली वैद्य खरोखरची परिचारिका होणार म्हणून सुदामला तर आभाळ ठेंगणे झाले. त्याच आठवड्यात जवळा बाजारकडच्या एका तांड्यावरून तिला स्थळ आले. मुलगा कष्टाळू, घर चांगले. वसराम वाईट माणूस नव्हता. लेकीचे भले व्हावे असेच त्याला वाटत होते, पण भले कशात आहे हे त्याला ठरवता येईना. पाहुणे उत्तरासाठी सारखे फोन करत होते. एका सकाळी तो अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसला. मोतीबाई शेजारी होती. मिना दारात गहू निवडत होती. वसरामने मला कपाळाला लावले आणि विचारले, “हे स्थळ करावं का?”

त्या क्षणी मला किती धडपडावेसे वाटले म्हणून सांगू! एक येऊ दे, तीन येऊ दे, काहीही लहान येऊ दे, असे मी विनवत होतो. कोणाला विनवत होतो कोण जाणे. पाटावर मी दोनदा उलटलो, कडेवर डळमळलो आणि वीसवर थांबलो. वसरामने समाधानाने डोळे मिटले आणि पाहुण्यांना होकाराचा फोन केला. मिनाच्या सुपातले गहू थोडा वेळ हलायचे थांबले. मग पुन्हा हलू लागले.

दुपारी सुदाम फाट्यावरून धावतच आला. “बा, त्या फाशात खोट हाय! मी दाखवतो तुमाला,” असे म्हणून त्याने पेला मागितला. मीठ मिनानेच आणून दिले. वसराम, मोतीबाई आणि मागून आलेला प्रेमदास भोवती बसले. सुदामने मला खाऱ्या पाण्यात सोडून फिरवले. वीस. पुन्हा फिरवले. वीस. पालथे करून सोडले, तरी मी गिरकी घेऊन वीसच वर केले. “बघा! काही बी इचारा, हा वीसच सांगतो!” सुदाम ओरडला.

वसरामने पेल्यापुढे हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. “पाण्यात बी तेच सांगून राहिला,” तो हळूच म्हणाला. “आपल्या आज्या-पणज्यानं जल्मभर मीठ वाह्यलं. मीठ आपल्याशी खोटं कसं बोलल?”

“बा, तसं न्हाई. त्याच्या पोटात हवा हाय, म्हनून तो दरवेळी तेच सांगतो.”

“मग बराबर. देवाचं बोलनं काय घडीघडी बदलत असतं?”

ज्या परीक्षेने माझी लबाडी उघडी पडायची, तिनेच मला देव करून सोडले होते. खाऱ्या पाण्यात तरंगत मी वीस दाखवत राहिलो. बुडता आले असते तर मी आनंदाने बुडालो असतो.

शेवटी सुदामने मला बाहेर काढून मिनाच्या हातात दिले. “मिना, तू बी टाक. शिकायला जाऊ का, असं इचार. वीसच येईल. मग बा काय म्हनतात बघू.”

मिनाने मला मुठीत धरले. मला वाटले, आता ती टाकेल आणि निदान एकदा तरी माझी खोट तिच्या कामी येईल. पण तिने मूठ उघडली आणि मला पाटावर ठेवून दिले.

“दादा, खेळात तू आधी मला इचारायचास. मी सांगायचे, मग फासा पडायचा. इथं काहून कोनी मला इचारलं न्हाई?”

वसराम जमिनीकडे पाहत राहिला. मग तो म्हणाला, “पोरी, शबुद देऊन बसलो मी.” मिना उठून पेल्यातले पाणी ओतायला गेली.

लग्न झाले. खेळ बंद पडला. मासिकांचा गठ्ठा माळ्यावर गेला. खेळात मिनाच्या जागी उभा असायचा तो वैद्याचा इवलासा पुतळा ताटात एका कडेला तसाच उभा राहिला. सुदामने त्याला हलवले नाही. मी मात्र देव्हाऱ्यात रोज नवे कुंकू लावून घेत होतो.

दिवाळीला मिना माहेरी आली. तिचे सासरचे लोक प्रेमळ आहेत, असे ती सर्वांना सांगत होती आणि ते खरेही असावे. सुदामने उत्साहाने ताट मांडले. प्रेमदासही टेम्पो लावून आला. दारात बसलेला वसराम एकदम उठला, देव्हाऱ्यातून मला घेऊन आला आणि अवघडून म्हणाला, “हा घ्या खेळायला. हा तुझा आवडता व्हता ना, मिना?” लेकीला काही तरी परत द्यावे असे त्याला वाटत असावे. सुदामने निळा फासा गुपचूप पिशवीत ठेवला.

सुदाम गोष्ट सांगू लागला. नदीला पूर आला आहे, बैल बुजले आहेत, मिठाची पोती भिजत आहेत. मग त्याने नेहमीप्रमाणे विचारले, “मिना, तू काय करतेस?”

मिना ताटाकडे पाहत राहिली. प्रेमदासने या वेळी घाई केली नाही. बराच वेळ गेला. मग ती हसल्यासारखे करून म्हणाली, “टाक की फासा, दादा. जे येईल ते.”

सुदामने मला उचलले नाही. म्हणून तिनेच मला उचलून टाकले. मी वीसवर पडलो. शिट्टी कोणी मारली नाही. दारात वसरामने उपरण्याने डोळे पुसले.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. आम्हा फाशांना जपा, उन्हात टाकू नका, हरवू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. मला उचलण्याआधी समोर बसलेल्या माणसाला विचारा, तू काय करतेस? आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. मी तोवर ताटात पडून राहीन. मिनाने त्या दिवशी सांगितलेच नाही, ती नदीकाठी काय करते ते. सुदामने ताट अजून उचललेले नाही आणि वैद्याचा पुतळा अजून गोष्टीतल्या त्या पाण्याच्या कडेला उभा आहे.