चटईवरून उठताना

हनुवटीवरचा केस काळा होता, जाड होता, आणि चिमट्यात दोनदा येऊन दोनदा निसटला — मनकर्णानं आरसा खिडकीकडे वळवला. तिसऱ्यांदा निघाला. तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. तीन दिवस ती आवाज चोरून होती.

"काहून वं मास्तरीणबाई," नवरा, देवमन, दारातून म्हणाला, "मिशा येऊन राहिल्या असतील त सांग, न्हाव्याले एकदाच बोलावतो."

तिनं पावडरचा डबा त्याच्यावर उगारला... उगारला! हात खांद्याच्या वर गेला होता. दोन वर्षं तो जात नव्हता. खांदे, मांड्या वाळत चालल्या होत्या, जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर — आपल्याच अंगावर चढत जावं तसं — आणि चौथीची पोरं तेवढा वेळ माना खाली घालून पाटीत बघायची, ते तिला हसण्याहून जास्त लागायचं. मग अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पुरुषी हार्मोनच्या सुया सुरू केल्या. पुरुषांचे स्नायू ज्यानं भरतात तेच तुम्हाला देऊन बघू, त्या म्हणाल्या होत्या. रोग जाणार नाही, बळ येईल, किती दिवस ते ठाऊक नाही. पण आवाज जाडावला तर सुया बंद, गेलेला आवाज परत येत नाही.

आवाज जाडावला होता. वर्ग तिनं फळ्यावरच चालवला. आणि आज बडनेऱ्यापासून एस.टी.त ती एकच वाक्य मनात घोटत होती — सर्दी झालीय, बाई, सर्दी... कुजबुजूनच म्हणायचं. बाहेर शेतोशेती कापूस फुटला होता. गळा घ्या, तिला वाटत होतं, मांड्या तेवढ्या राहू द्या...

दवाखान्यात खाली चटई होती. "बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता उठा."

हात ओटीत तसेच राहिले... आणि ती उठली. सरळ. मध्ये कुठं काही टेकलं नाही; लहानपणी झोका वर गेला की जमीन जशी खाली राहायची, तशी चटई खाली राहिली — आणि पोटातून हसू फुटलं, मोठ्यानं, घोगरं, एखाद्या गाडीवानाचं असावं तसं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

आता गप्प व्हावं, हे तिला कळत होतं. पण तीन दिवसांनी ती स्वतःला ऐकत होती, आणि ऐकायला बरं वाटत होतं.

"पुन्हा एकदा उठून दाखवू का, बाई?" तिनं त्याच जाड आवाजात विचारलं, आणि उत्तराआधीच ती चटईवर बसू लागली.