साफसफाईचे दिवे

क्लबचा व्यवस्थापक एका नियमापुढे कुणाचेही चालू देत नसे : पाहुण्यांच्या देखत साफसफाईचे दिवे लावायचे नाहीत. ते पांढरेफटक दिवे सकाळी फरशी पुसण्यापुरते. एरवीच्या निळसर अंधूक उजेडात मखमली सोफे राजेशाही दिसत; त्यांच्या फाटक्या कडांवरची काळी चिकटपट्टी कुणाच्या नजरेस पडत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या संध्याकाळी क्लब त्याने घरच्याच समारंभासाठी राखला होता. आत्याचा वाढदिवस होता. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. पण त्याच्या नोकरीला 'तुझा तो अंधाराचा धंदा' यापलीकडे तिने कधी किंमत दिली नव्हती. आज तिच्या तोंडून एक तरी बरा शब्द काढायचा, यासाठी हा सारा खटाटोप.

आत्या आली, मधल्या सोफ्यावर बसली आणि गप्प झाली. जिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असे, ती बाई नुसती मान डोलावू लागली.

"आत्या, आवडलं ना?" होकार.

"की कंटाळलीस?" त्यालाही हसून होकार!

उजेड डोळ्यांवर येत असेल, असे ठरवून त्याने दिवे आणखी मंद केले.

"अहो, वात किती उतरवाल?" बायको म्हणाली. "हातातला पेला दिसेना मला."

तेवढ्यात आत्या उठून सरबताच्या काउंटरपाशी गेली. तिथे एक दिवा लोंबत होता. क्षणात तिचा खणखणीत आवाज आला, "एवढा बर्फ? सरबत पाजतोस की गोठवतोस मला?"

"आजी, तुमच्या रागानं वितळेल तो!" सरबतवाला म्हणाला, आणि आत्या खळखळून हसली. तो बोलता बोलता बाटली घ्यायला पाठमोरा झाला, तशी ती पुन्हा गप्प. तिची नजर सरबतावर नव्हतीच. ती त्याच्या ओठांवर होती.

व्यवस्थापकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्याला ऐकू येत नव्हते, आणि मानी स्वभावापायी तिने ते कुणाला कळू दिले नव्हते. आणि तो मात्र कौतुकाने तिच्यापुढचा उजेड विझवत बसला होता! दिवे लावले तर क्लबची लक्तरे उघडी पडणार, आणि तो एक बरा शब्दही गेलाच. त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबले.

सारे डोळे चोळू लागले. आत्याने सोफ्याकडे निरखून पाहिले. "अगं बाई, याला तर मलमपट्ट्या केल्यात!"

हशा पिकला. मग एकेक जण समोर येऊन बोलू लागला आणि आत्या प्रत्येकाला सव्याज परतफेड करू लागली. गर्दी ओसरल्यावर तिने भाच्याला जवळ ओढले.

"कधी कळलं तुला?"

"आत्ताच."

"कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"चारचौघांत माणसाची लाज राखतोस, हे काम करतोस होय तू इथे?" तिने त्याच्या गालावर हलकी चापट मारली. "चांगलं आहे. आता सरक, तुझा काका काय बोलतोय ते दिसू दे मला."