‘वाटूर फाटा’ची फेरतपासणी

दैवशालाबाईंनी परतूरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली एकोणीस वर्षं जालन्याच्या एका साप्ताहिकात नव्या सिनेमांवर लिहिलं. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, लिहिणं सुटलं नाही. बाकीचे समीक्षक तारे देतात, बाई गुण देत. शंभरपैकी. कथेला तीस, मांडणीला वीस, अभिनयाला वीस, छायाचित्रणाला पंधरा, आवाज आणि संगीताला पंधरा. पस्तीसला पास. कोणत्या रकान्यात का कापले, तेही त्या लिहीत. शुक्रवारी सकाळी राहत्या गावाहून, वाटूरहून एस.टी. पकडायची, जालन्यात दुपारचा पहिला खेळ बघायचा, मांडीवरच्या वहीत अंधारातच टिपणं काढायची आणि शनिवारी मजकूर पाठवायचा, असा त्यांचा निवृत्तीनंतरचा शिरस्ता होता.

मागच्या हिवाळ्यात राजानंदचा सिनेमा आला. राजानंद वाटूरचाच, बाईंच्या हाताखाली दहावी झालेला. पुण्यात सात वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत राबून त्यानं आपला पहिला सिनेमा गावातच काढला होता. नाव ‘वाटूर फाटा’. रस्ता रुंद होणार म्हणून फाट्यावरचं चहाचं हॉटेल हलवावं लागतं, एवढीच गोष्ट. नट बहुतेक गावचेच. हॉटेलवाल्याची आई झाल्या होत्या केशरबाई, ज्या आयुष्यात कधी स्टेजवर चढल्या नव्हत्या. सरपंचाचं काम रामरावांनी केलं होतं.

पहिल्या खेळाला गावातून तीन जीप भरून लोक गेले. बाई नेहमीसारख्या एस.टी.नं गेल्या आणि कडेची खुर्ची धरून बसल्या. ओळखीचं तोंड पडद्यावर आलं की शिट्ट्या पडत होत्या. रामराव बोलले की हशा. केशरबाई आल्या की टाळ्या थांबत नव्हत्या.

रविवारी मजकूर छापून आला. चौतीस गुण. नापास.

छापण्याआधी संपादक श्रेणिकभाऊंचा फोन आला होता. माणूस व्यापारी घराण्यातला, बोलणं मऊ.

“मॅडम, आपल्याच जिल्ह्याचा पोरगा हाय. एका मार्काचा तर प्रश्न हाय.”

“एकाचा असो की दहाचा. मागं वीस सिनेमे तेहतीस-चौतीसवर बसलेत. त्यांना काय सांगू?”

“बराबर हाय,” श्रेणिकभाऊ म्हणाले आणि जसंच्या तसं छापलं.

गावात कुणी भांडायला आलं नाही. फक्त दुकानात, बसस्टॉपवर बोलणी बाईंपुरती तोकडी झाली. केशरबाई वाचत नसत. त्यांना कुणीतरी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “शाळेतच न्हाई गेले, तर नापास कशी व्हईन?” हे बाईंच्या कानावर आलं. त्या हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

मंगळवारी सकाळी राजानंद घरी आला. बाईंनी चहा टाकला. त्यानं कप हातात घेतला, प्यायला नाही.

“बाई, मार्कांचं बोलायला न्हाई आलो. एक वाक्य लिहिलंय तुम्ही, त्याचं इचारायचंय.”

“कोणतं?”

त्यानं कात्रण काढून वाचलं. “‘शेवटच्या प्रसंगात आई काहीच बोलत नाही. दिग्दर्शकाला तिच्यासाठी शब्द सापडलेले नाहीत.’ बाई, ती बोलती. सात शब्द बोलती.”

“मी बघितलं ना. ती चुलीकडं बघते आणि सिनेमा संपतो.”

“बघितलं तुम्ही. ऐकू न्हाई आलं. केशरआत्या दिसल्या की समदे टाळ्या वाजवून राह्यलते. मी मागंच बसेल होतो. मलाबी न्हाई आलं ऐकू.”

बाईंनी वही आणली. त्या पानावर ‘आई – मौन’ असं लिहिलेलं होतं आणि खाली अधोरेखित. कथेचे बरेचसे गुण त्यांनी याच जागी कापले होते.

“काय म्हणते ती?”

“मी सांगितलं तर कसं चालंल?” राजानंद म्हणाला. “सिनेमा गुरुवारपर्यंत हाय.”

“फेरतपासणीत गुण कमीही होतात, राजा.”

“माहिताय. दहावीत माझे झाल्ते.”

बुधवारी बाई पुन्हा जालन्याला गेल्या. इतक्या वर्षांत एकच सिनेमा दोनदा बघायला त्या पहिल्यांदा निघाल्या होत्या. थेटरात नऊ माणसं होती. शेवटी हॉटेलचं सामान टेम्पोत चढतं, मुलगा चुलीचे दगड उचलायला वाकतो आणि आई म्हणते, “चूल इथंच राहू दे. लोकं सवयीनं थांबतेत.” बाईंनी सातही शब्द वहीत उतरवले. आपण ज्याला पोकळी म्हटलं, तिथं गोष्टीचा सगळा भार ठेवलेला होता.

पण त्या रिकाम्या थेटरात दुसरंही दिसलं. हशा नसताना रामराव दर वाक्याला कॅमेऱ्याकडं बघतात, हे शुक्रवारी कळलंच नव्हतं. मधले प्रसंग लोकांनी उचलून धरले होते, नटांनी नाही.

घरी येऊन बाईंनी नव्यानं गुण मांडले. कथा आठाची चौदा. अभिनय अकराचा सहा. बाकी तेच. बेरीज पस्तीस आली. बाईंनी ती तीनदा केली. छत्तीस यायला हवी होती, नाहीतर चौतीसच राहायला हवी होती, असं त्यांना वाटलं. पस्तीस म्हटलं की लोक काय म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पस्तीसच लिहिले. वर लिहिलं, ‘मागच्या अंकात मी आईला मुकी ठरवलं. ती माझी चूक होती.’

लोक तेच म्हणाले, की बाईंनी गावाकडं बघून ग्रेस दिले. जीपवाल्यांनी फाट्यावर पेढे वाटले. एक पुडा बाईंच्या घरीही आला. त्यांनी तो ठेवून घेतला, खुलासा केला नाही.

राजानंद मात्र तोंड पाडून आला. “अभिनयाचे पाच का कापले?” बाईंनी त्याला वही दाखवली, कुठं कुठं रामराव कॅमेऱ्यात बघतात ते वेळेसकट. तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, “हे एडिटिंगच्या वेळी मला दिसायला पायजे होतं.” आणि चहा प्यायला.

त्यानंतर बाई प्रत्येक सिनेमा दोनदा बघू लागल्या. शुक्रवारी गर्दीत आणि सोमवारी रिकाम्या थेटरात. मजकूर एक आठवडा उशिरा जाऊ लागला. श्रेणिकभाऊंनी कुरकुर केली.

“मॅडम, तोवर पिक्चर उतरेल असतो. वाचणार कोण?”

“ज्यांनी बघितलाय ते,” बाई म्हणाल्या.

श्रेणिकभाऊंनी सदर पहिल्या पानावरून सहाव्यावर नेलं. बाई सोमवारची एस.टी. पकडत राहिल्या.