सात वेढे

पहिल्या दोन चाचण्या लिहीत नाही. पहिलीत अण्णांनी मीटरकडे बघितलं, दुसरीत माझ्या बाबांकडे. दोन्हींचा निकाल एकच लागला: इंजिन बाद.

अण्णा बाळकुमचे. पाणीखात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त. त्यांच्या जुन्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन गेल्या दिवाळीआधी बाबांनी आमच्या कोपरच्या गॅरेजमध्ये उतरवलं आणि नव्याने बांधलं. बाहत्तराव्या वर्षी. एकट्याने. मी स्टँडला हात लावला तरी ओरडायचे.

शनिवारी अण्णा आले. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर. तेलाचा दाब गेला म्हणजे आतली बेअरिंग ढिली, बेअरिंग ढिली म्हणजे बांधणाऱ्याचा हात गेला. एवढं अण्णांना येत होतं. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. बॉनेट उघडायच्या आधीच, बाजूचा टायरवाला आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना, ते बाबांना म्हणाले की दगडू, वय झालं तुझं, आता हे थांबव.

बाबांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, चुकला असेल माझा हात."

आणि अण्णांनी ती माफी घेतली. मान हलवून, डोळे मिटून, प्रसाद घेतात तशी. माफी घेताना माणूस इतका ओंगळ दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी आपले पाने गोणीत भरले आणि गोणीचं तोंड सुतळीने बांधलं. मला म्हणाले, कुणाला तरी देऊन टाक. मग गॅरेजमागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रविवारी सकाळी उठले नाहीत. आजारी नव्हते.

म्हणून तिसरी चाचणी.

तिसरी. रस्ता.

रविवारी अकराला अण्णा पुन्हा आले, इंजिन कधी उतरवताय ते विचारायला. त्याच गाडीतून आले. म्हणजे शनिवारी बाळकुम ते कोपर, कोपर ते बाळकुम, आज पुन्हा कोपर. तीनदा माणकोलीचा पूल, काटा शून्यावर ठेवून, रेडिओ लावून. दाब खरंच शून्य असता तर काशेळीच्या अलीकडेच इंजिन ठोकायला लागलं असतं आणि पुलावर जाम झालं असतं. चौतीस वर्षं पाण्याच्या दाबावर पगार घेतलेल्या माणसाला ही शंका आली नाही.

मी म्हटलं, आधी तपासते. अण्णा म्हणाले, "तू?"

डिपस्टिक काढली. तेल पूर्ण, स्वच्छ. इंजिनाचा आवाज ऐकला. बाबांचा आवाज होता तो, म्हणजे त्यांच्या कामाचा, नाही, असं लिहिलं की गोड वाटतं. आवाज एकसारखा होता. बस.

चौथी.

इंजिनाच्या कडेला अंगठ्याएवढा सेन्सर असतो, तो दाब मोजून वायरीतून मीटरला कळवतो. मी त्याची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा शून्यावरून उठला आणि सावकाश दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. अण्णा मागून म्हणाले, बघ, आता जास्त दाखवतोय, म्हणजे आणखी काहीतरी बिघडवलंस. मी वायर बाजूला ठेवली.

पाचवी.

सेन्सर खोलला. आट्यांवर पांढरी टेप. नळाला लावतात ती. जाड, गुळगुळीत, कडेने नीट दाबलेली. सरकारी काम.

मी विचारलं, ही कुणी लावली?

अण्णांचा चेहरा फुलला. सोसायटीच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर तेलाचा एक थेंब पडला होता, सेक्रेटरीने ग्रुपवर फोटो टाकला होता. मग अण्णांनी स्वतः सेन्सर खोलून टेप लावली. "सात वेढे दिले. एक थेंब नाही त्यानंतर."

काटा कधीपासून पडला, मी विचारलं. त्यानंतरच, म्हणाले. म्हणाले आणि तरीही त्यांना कळलं नाही.

सेन्सरच्या जागी मी नळीवाला गेज लावला. त्याला वीज लागत नाही, खोटं बोलायची सोयही नाही. इंजिन गरमच होतं. संथ चालीवर बावीस. रेस दिल्यावर पन्नास. नव्या इंजिनाला शोभेल असा दाब. मग समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं: सेन्सरचे आटे इंजिनाच्या लोखंडाला टेकले तरच त्याची वीज पुरी होते. तुम्ही मध्ये प्लास्टिक भरलंत. इंजिन ठणठणीत आहे.

अण्णांनी खाली वाकून गेजचा आकडा वाचला.

"असो," म्हणाले. "गाडी चांगली आहे ना, मग झालं."

सहावी चाचणी मेकॅनिकच्या पुस्तकात नाही.

मी गेज काढला. सेन्सरचे आटे ब्रशने घासले आणि तो मुठीत धरला. त्याच्या जागी भोक उघडं. स्टार्टर मारला तर सगळं तेल बाहेर येईल, हे अण्णांनाही कळत होतं. मी म्हटलं, "आत जाऊन बाबांना सांगा. मग बसवते."

"अगं, मी सांगायचं? तूच सांग ना, तुझेच वडील आहेत."

"काल तुम्ही सांगितलंत."

त्यांनी टायरवाल्याकडे बघितलं. तो टायर सोडून आमच्याकडेच बघत होता. अण्णांनी चपला दारात काढल्या आणि खोलीत गेले. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

"दगडू," अण्णा म्हणाले, "तुझं काम तसं काही वाईट नव्हतं."

बाबा भिंतीकडेच तोंड करून होते. "मग काय होतं, साहेब?"

"टेप. सेन्सरवर टेप लागली होती."

"कुणी लावली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सेन्सर दाखवला.

"मी."

बाबा वळले, उठून बसले. "किती वेढे?"

"सात."

बाबांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं, सावकाश, भंगारात काही कामाचं निघतंय का बघतात तसं. मग उठले, कोपऱ्यातली गोणी ओढली आणि सुतळीची गाठ दातांनी सोडवायला लागले.

"विने," गाठ तोंडात धरून ते म्हणाले, "यांना जाऊ दे. आणि चहा सांगू नकोस."