पिशवीतला फोन

"ही बातमी घे. यातून बोध चांगला निघेल," म्हणत सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण तिच्या हातावर ठेवलं आणि ते पुढच्या तासाला निघूनही गेले.

मथळा वरच दिसत होता, कात्रण उलगडायची तिला गरज नव्हती. तीच बातमी आईने घरच्या पेपरातून फाडून साखरेच्या डब्याखाली दडवली होती आणि तिने ती तिथून काढून दोनदा वाचली होती. वर मोठ्या अक्षरांत 'अडकलेल्या लिफ्टमधून उतरताना वृद्धाचा मृत्यू'. खाली बारीक अक्षरांत 'मेकॅनिकने फोनच उचलला नाही, रहिवाशांचा आरोप'. मेकॅनिकचं नाव छापलेलं नव्हतं. तो मेकॅनिक म्हणजे तिचे बाबा.

शाळेत तिला सगळे बातमीबाई म्हणत. सकाळी सगळी शाळा मैदानावर जमली की एका मुलाने पेपरातली एक बातमी वाचायची आणि तिच्यातून काय शिकलो ते एका वाक्यात सांगायचं, अशी तिथली पद्धत होती. बाकीची मुलं यातून अंग काढून घेत. ही उलट पुढे. बोध काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सोमवार तिच्याच नावावर लागला होता. पुराची बातमी द्या, चोरीची द्या, निवडणुकीची द्या, बाई बोध काढून मोकळ्या. मागे एका बसच्या अपघातावर ती म्हणाली होती, "एकाचा निष्काळजीपणा शंभरांना भोवतो." मुख्याध्यापिकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते जिन्यापाशी फळ्यावर लिहून घेतलं. अजून कुणी पुसलं नव्हतं. आता वर्गात जायचं म्हणजे रोज त्याच्यासमोरून जावं लागत होतं.

घरी दर रविवारी जेवताना तालीम व्हायची. ती उभी राहून बातमी वाचायची, बाबा घास हातात धरून ऐकायचे आणि शेवटी 'पास' नाहीतर 'फिरून ये' असा निकाल द्यायचे. बसची बातमी ऐकून त्यांनी विचारलं होतं, "ड्रायव्हर काय म्हणतो?"

"ते नाही छापलेलं."

"मग फिरून ये."

ती फिरून आली नाही. आहे तेच वाक्य मैदानावर म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. त्यात तिला काही चुकलंसं वाटलं नाही. टाळ्या मिळाल्यावर कुणालाच वाटत नाही.

सोमवारी बोलून झालं की ती ऑफिसात जायची. शिपाईमामा फोन पुढे सरकवत आणि ती बाबांना लावायची. बाबा उचलत नसत, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. लिफ्टच्या टपावर चढून काम करायचं तर फोन खाली, डब्याच्या पिशवीत, हा त्यांचा नियम. त्यांना काम शिकवणाऱ्या वस्तादांनी घालून दिलेला. वस्तादांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन एका फोनने नेली, असं बाबा सांगत. दोरांपाशी असताना दोन्ही हात आणि दोन्ही कान दोरांपाशीच हवेत. काम संपवून खाली आले की ते शाळेचा नंबर फिरवून विचारत, "पास झाली का?" मग शिपाईमामा तिच्या वर्गाच्या दारात येऊन अंगठा वर करून दाखवत. म्हणजे बाबांना कळलं.

मागच्या सोमवारीही शिपाईमामांनी अंगठा दाखवला होता.

त्याच सकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीत बाबांच्या देखभालीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पाचव्या मजल्यावरचे आजोबा. वॉचमनने बाबांना फोन लावला, पुन्हा लावला, लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात लावला. बाबा भलत्याच इमारतीत दुसऱ्या लिफ्टच्या टपावर होते आणि ऑफिसातला माणूस जागेवर नव्हता. आतून आजोबा हाका मारत होते. शेवटी लोकांनी पहार आणली, दार वाकवलं आणि त्यांना खालच्या मजल्यावर उतरवायला गेले. आजोबांचा पाय सटकला. ते लिफ्टखालच्या मोकळ्या जागेतून तळाशी गेले.

त्या दिवसापासून बाबा घरी होते. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं कंपनीने कळवलं होतं. रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग मोरीचं दार, मग शेजाऱ्यांचं. आता घरातलं एकही दार वाजत नव्हतं, आणि आईला त्याचाच त्रास होत होता.

"अहो, तुम्ही कधी आत येता, कधी बाहेर जाता, काही कळतच नाही," ती म्हणाली. "काळजात धस्स होतं."

सरांचं कात्रण तिने आईला दाखवलं तेव्हा आईने आधी बाबा आसपास नाहीत ना ते पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सोमवारी तू शाळेत जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून मी चिठ्ठी देते."

"आणि पुढच्या सोमवारी?"

"तोवर पेपरवाल्यांना दुसरं काहीतरी सापडेल. नाव छापलेलं नाही, कुणाला ठाऊक नाही. आपण होऊन पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?"

आईचं काही चूक नव्हतं. तिलाही तापच हवा होता. सरांना सांगायला ती दोनदा शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेली आणि दोन्ही वेळा दारावरून परत आली. सर चांगले होते. त्यांनी लगेच दुसरी बातमी दिली असती, आणि मग वर्षभर तिच्याशी हळू आवाजात बोलले असते.

रविवारी जेवायला बसल्यावर बाबांनी घास हातात घेतला आणि थांबले.

"वाच."

"आज नाहीये काही."

"तुझ्या दप्तरात आहे. चेन बसवताना दिसलं मला. वाच."

आईने भांडं जरा जोरात ठेवलं. लेक कात्रण घेऊन उभी राहिली आणि वाचू लागली. 'फोनच उचलला नाही' या ओळीपाशी ती थांबली. बाबा पुढचं ऐकायला थांबून राहिले, म्हणून तिने पुढचंही वाचलं.

"ते आजोबा कुठे चालले होते, लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"उन्हात बसायला. रोज खाली येऊन फाटकापाशी बसायचे. काठीला रबर मीच बसवून दिलं होतं, फरशीवर सरकायची म्हणून." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "त्यांनी विचारलं होतं, किती झाले? मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही माझ्या वडिलांसारखे."

"बाबा, तुम्ही फोन वर नेत नाही, हा नियमच आहे ना?"

"हो."

"मग तुमची काय चूक?"

बाबा ताटातला घास बोटाने सारत राहिले. आणि एकदम तिला शिपाईमामांचा अंगठा आठवला. वर्गाच्या दारात, नेहमीसारखा, हसत वर केलेला. म्हणजे त्या सकाळीही बाबांनी शाळेत फोन केला होता.

"बाबा, खाली आल्यावर तुम्ही आधी कुणाला फोन लावला?"

आई म्हणाली, "पुरे आता. जेवा."

"वॉचमनचे पुष्कळ येऊन गेले होते," बाबा म्हणाले. "सगळ्यात वर शाळेचा होता. सोमवार होता ना. हात तिकडेच गेला, सवयीने." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "दोन मिनिटं बोललो असेन शिपायाशी. मग वॉचमनला लावला तर तो रडत होता. आत्ताच पडले, म्हणाला. आत्ताच."

"अहो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली," आई म्हणाली. "दोन मिनिटांत तुम्ही काय उडत पोहोचणार होता?"

"पोहोचलो नसतो. पण दार उघडू नका, एवढं सांगितलं असतं."

आईने त्यांच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं, तो भरलेलाच होता.

ती कात्रण धरून तशीच उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "नियम बरोबर होता गं. आणि माणूस गेला. दोन्ही खरं आहे. मी रोज बसून विचार करतो, मला यातून काही काढता येत नाही. तुला आलं तर मलाही सांग."

'पास' नाही आणि 'फिरून ये'ही नाही. बाबा पुन्हा जेवू लागले, खाली मान घालून.

सोमवारी तिला ताप आला नाही. मैदानावर तिने बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. पुढच्या रांगेतली मुलं टाळ्यांसाठी हात पुढे धरूनच उभी होती. जिन्यापाशी फळ्यावर तिचं वाक्य होतं. ते पुन्हा म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. सर मान हलवून तिला धीर देत होते.

"यातले मेकॅनिक माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "ते दुसऱ्या लिफ्टच्या टपावर होते. टपावर फोन नेत नाहीत. ते आजोबा उन्हात बसायला खाली येत होते. बातमीत हे नाही, म्हणून सांगितलं. बोध मला सापडला नाही."

दोन मिनिटांचं तिने सांगितलं नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी सांगावं. मैदानावर ओतायची ती गोष्ट नव्हती. ती आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. सर खाली बघत होते. मुख्याध्यापिकांनी मुलांना वर्गात जायला सांगितलं.

ती ऑफिसात गेली. शिपाईमामांना मैदानावरचं सगळं कळलं होतं, आणि त्यांना आपला अंगठाही आठवला असावा, कारण फोन पुढे सरकवताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने नंबर फिरवला. नेहमीसारखी रिंग वाजत राहील, मग ती फोन ठेवून वर्गात जाईल, बाबा खाली आले की करतील, असं सवयीने तिच्या मनात आलं.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत बाबांनी फोन उचलला.